खोल मनाच्या विश्लेषकांशी संवाद: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्लेषकाला सोलापुरात बोलावून किंवा ऑनलाइन गाठून त्यांच्या कामाविषयी मुलाखत घ्यायची, ती ध्वनिमुद्रित करायची, मराठीत उतरवायची, किंवा नुसतं पुढच्या रांगेत बसून ऐकायचं, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येतात. उत्तरांची लांबी सारखी नाही. जिथे घोळ होतो तिथे जास्त लिहिलं आहे.

डेप्थ सायकॉलॉजी म्हणजे नेमकं काय? फ्रॉइडचंच ना ते?

फ्रॉइडचंही. माणूस जे करतो त्याची सगळी कारणं त्याला स्वतःला ठाऊक नसतात, आणि जे ठाऊक नसतं ते मुकाट पडून राहत नाही, स्वप्नात, बोलताना होणाऱ्या चुकीत, दुखण्यात डोकं वर काढतं, हे धरून चालणाऱ्या सगळ्या शाखांचं हे एकत्रित नाव. मूळ जर्मन शब्द झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांचा. फ्रॉइडच्या शाखेला मनोविश्लेषण म्हणतात, त्याचा एके काळचा सहकारी युंग याच्या शाखेला विश्लेषणात्मक मानसशास्त्र. अॅडलर १९११ मध्ये फ्रॉइडपासून वेगळा झाला, युंग १९१३ मध्ये. पुढे क्लाइन, विनिकॉट, लाकां या विश्लेषकांच्या वाटा फुटल्या.

म्हणून गवयाला विचारतो तसं पाहुण्यालाही आधी घराणं विचारावं. युंगच्या माणसाला फ्रॉइडच्या ईडिपस गंडावर (मुलाच्या मनातली आईची ओढ आणि वडिलांशी चढाओढ) तासभर छेडणं म्हणजे किराण्याच्या गायकाकडून आग्र्याची नोमतोम मागणं.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक आणि विश्लेषक यांत फरक काय?

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणीकृत असतात, चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषधं देत नाहीत. समुपदेशक बहुधा एका ठरावीक अडचणीवर, मोजक्या भेटींत काम करतात. विश्लेषक यांपैकी कोणीही असू शकतो, पण त्यावर एक वेगळं, लांबलचक प्रशिक्षण झालेलं असतं आणि त्याचा सर्वांत मोठा भाग म्हणजे स्वतःचं विश्लेषण करून घेणं.

मग समोरची व्यक्ती खरंच विश्लेषक आहे हे कसं ओळखायचं?

चार गोष्टी सरळ विचारा. प्रशिक्षण कोणत्या संस्थेत झालं? स्वतःचं विश्लेषण किती वर्षं आणि आठवड्यातून किती वेळा झालं? देखरेखीखाली किती पेशंट पाहिले? आजही कोणाशी केसबद्दल चर्चा करता का? खऱ्या विश्लेषकाला या प्रश्नांचा राग येत नाही, कारण त्यांच्या धंद्यात ही नेहमीची विचारपूस आहे. स्वतःचं विश्लेषण, सिद्धान्त आणि देखरेखीखालच्या केसेस ही त्रिसूत्री १९२० मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या संस्थेत बसली आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते.

फ्रॉइडच्या परंपरेची आंतरराष्ट्रीय संघटना १९१० ची, युंगच्या परंपरेची १९५५ ची. झुरिकची युंग संस्था १९४८ मध्ये निघाली. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात १९२२ मध्येच इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापली. बोस आणि फ्रॉइड यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला, भेट मात्र एकदाही झाली नाही. ‘ड्रीम अॅनालिस्ट’ एवढंच लिहिलेलं कार्ड पुढे आलं आणि वरच्या चारांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना बगल मिळाली, तर तो कार्यक्रम ज्योतिषाच्या सदरात टाका.

किती प्रश्न काढायचे आणि आधी पाठवायचे का?

तासा-सव्वातासाच्या गप्पांसाठी आठ ते दहा. त्यातले पाच विचारून होतात. प्रश्न शब्दशः आधी पाठवू नका. विषय पाठवा, चार ओळींत. शब्दशः पाठवले की पाहुणे उत्तरं लिहून आणतात आणि संवादाचं प्रवचन होतं. त्याऐवजी आठवडाभर आधी २० मिनिटांचा फोन करा. त्या फोनवर कशावर बोलणार नाही हे त्यांच्याकडून वदवून घ्या. ही यादी दुसऱ्या कुठल्याही तयारीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

प्रश्न कसे असावेत? दर वेळी ‘नेणीव (अनकॉन्शस) म्हणजे काय’ इथूनच सुरुवात होते.

आमचं मत ठाम आहे: कल्पना विचारू नका, काम विचारा. कल्पना कामाच्या पाठीवर बसून आपोआप येतात.

‘स्वप्नात साप दिसला तर अर्थ काय?’ हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत निकामी प्रश्न. पाहुणे सभ्य असतात, काहीतरी सांगतात, पुढच्या रांगेतले वहीत लिहून घेतात आणि वहीत एक नवं स्वप्नफल तयार होतं. तोच प्रश्न असा करा: ‘साप आला असं कोणी सांगितलं, तर पुढची १० मिनिटं तुम्ही काय करता?’

आता उत्तरात पायऱ्या येतील. फ्रॉइडच्या वळणाचा विश्लेषक स्वप्नाचे तुकडे पाडील, आदल्या दिवशी काय घडलं होतं ते शोधील आणि एकेका तुकड्यावर ‘यावरून काय आठवतं?’ असं विचारत सापापासून लांब लांब जाईल. युंगच्या वळणाचा विश्लेषक उलट पुन्हा पुन्हा सापाशी परत येईल: कोणत्या रंगाचा, कुठे होता, तुम्ही त्या वेळी काय करत होता? मग त्या माणसाच्या आठवणी, त्यानंतर नागपंचमी, वारूळ, शंकराच्या गळ्यातला नाग, आणि शेवटी आधीच्या-नंतरच्या स्वप्नांच्या माळेत हा मणी कुठे बसतो ते पाहणं. नागोबाला भाऊ मानून लाह्या वाहणाऱ्या बाईचा साप आणि ज्याचा चुलता रानात पान लागून गेला त्याचा साप एक नव्हेत, हे मग कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

असे आणखी काही प्रश्न, जे दरवेळी दार उघडतात:

‘भेटीची पन्नास मिनिटं संपायला २ मिनिटं असताना पेशंटने सर्वांत महत्त्वाची गोष्ट काढली तर?’ इथून प्रतिरोध, म्हणजे नकोसं बाहेर येऊ न देण्याची मनाची धडपड, आणि वेळेची चौकट हे दोन्ही विषय निघतात.

‘तुम्हाला समोर बसून झोप आली तर?’ थकवा म्हणून सोडून देता, की पेशंट काहीतरी गुंगवतोय असं धरता? प्रतिसंक्रमणावर, म्हणजे पेशंटमुळे विश्लेषकाच्या मनात जे उठतं त्यावर, यापेक्षा चांगला प्रश्न नाही.

‘फी थकली तर विषय कोण काढतं आणि कधी?’ मराठी माणूस पैशाचं बोलायला लाजतो, म्हणूनच हा विचारावा.

‘पहिल्या भेटीत माणूस कुठे बसतो हे पाहता का?’ फ्रॉइड पेशंटच्या डोक्यामागे का बसायचा याचं एक कारण त्याने १९१३ च्या निबंधात मोकळेपणाने दिलं आहे: दिवसाचे आठ तास कोणीतरी टक लावून आपल्याकडे पाहावं हे त्याला सोसत नसे. त्याचा तो कोच लंडनमधल्या त्याच्या घरात, आता संग्रहालयात, आजही आहे. वर इराणी कश्काई गालिचा अंथरलेला. चादरीच्या गावाला ही माहिती आवडावी.

पाहुणे उत्तर देताना मध्येच गप्प होतात. काय करायचं?

काही नाही. मनात पाच अंक मोजा, मग आणखी पाच. विश्लेषकाचा निम्मा धंदाच गप्प राहण्याचा आहे. त्यांना ती शांतता आपल्याइतकी बोचत नाही. मुलाखतकार घाबरून पुढचा प्रश्न टाकतो तेव्हा बहुतेक वेळा नेमकं तेच वाक्य हातचं जातं, जे येऊ घातलं होतं. संकलन करतानाही सगळ्या शांतता कापू नका. दीड-दोन सेकंद तरी ठेवा, नाहीतर सांगणारा पाठ म्हणतोय असं वाटतं.

श्रोत्यांनी आपलं स्वप्न उभं राहून सांगितलं तर चालेल का?

नाही. सुरुवातीलाच जाहीर करा. दोनशे लोकांपुढे सांगितलेलं स्वप्न परत घेता येत नाही, आणि ज्याने सांगितलं त्याला रात्री घरी गेल्यावर सांभाळायला तिथे कोणी नसतं. सभागृहात ओळखीचे, भावकीतले, शेजारचे बसलेले असतात. शिवाय सांगणाऱ्याच्या आठवणींशिवाय लावलेला अर्थ हा पाहुण्यांचाच अर्थ असतो. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या. एकाने आधी वाचून स्वतःविषयीच्या चिठ्ठ्या बाजूला काढाव्यात.

त्या चिठ्ठीत कोणी फार अडचणीत असल्याचं दिसलं, जिवाचं काही बरंवाईट करण्याचा उल्लेख असला, तर ती बाजूला ठेवून विसरू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो व्यासपीठावरून सुरुवातीला आणि शेवटी सांगा, फलकावरही लिहा.

युंगची शब्दसाहचर्य चाचणी प्रात्यक्षिक म्हणून करून दाखवता येईल?

चाचणी दाखवायला फार सोपी आहे, म्हणूनच मोह होतो. १०० शब्दांची यादी, एक स्टॉपवॉच. एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्याने सुचेल तो पहिला शब्द बोलायचा, लागलेला वेळ टिपायचा. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून: मघाशी काय म्हणालात? जिथे उशीर लागला, तोच शब्द परत आला, हसू फुटलं किंवा दुसऱ्या फेरीत उत्तर आठवलं नाही, तिथे खूण करायची. खुणा एका विषयाभोवती गोळा होतात. झुरिकच्या बुर्गहोल्त्स्ली रुग्णालयात युंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रयोग केले आणि ‘काँप्लेक्स’ म्हणजे गंड ही कल्पना त्यातून पक्की झाली. आपण न्यूनगंड, अहंगंड असं जाता-येता म्हणतो त्यातला हा गंड; मूळ अर्थ गाठ, सूज. शब्द चपखल बसला आहे.

जिवंत माणसावर व्यासपीठावर ती करू नये. ‘वडील’ या शब्दावर कोणी चार सेकंद थांबलं की सगळं सभागृह ते पाहतं. दुसरी अडचण खास सोलापूरची. घरी कन्नड, तेलुगू किंवा दखनी बोलणाऱ्याला मराठी शब्द दिला तर उशीर भाषेमुळे लागतो आणि तो गंड समजला जातो. पाहुण्यांना रीत तोंडी समजावून सांगू द्या, दहा शब्दांची कोरी यादी पडद्यावर दाखवा, तेवढं पुरे.

फ्रॉइडवाले आणि युंगवाले एकाच व्यासपीठावर बोलावले तर रंगत येईल ना?

येते, पण बहुधा चुकीची. १० मिनिटांत गाडी १९१३ च्या भांडणावर जाते आणि तिथेच अडकते. त्यापेक्षा दोघांपुढे छापून प्रसिद्ध झालेलं एकच स्वप्न ठेवा. युंगचं घराचं स्वप्न यासाठी उत्तम. १९०९ मध्ये फ्रॉइड आणि युंग अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात व्याख्यानांसाठी गेले, त्या प्रवासात दोघे एकमेकांना स्वप्नं सांगत. युंगचं स्वप्न असं: आपलंच एक दुमजली घर, वरचा मजला जुन्या नक्षीदार सामानाचा, खाली उतरावं तर मध्ययुगीन, अंधारं, त्याखाली रोमन काळचं तळघर, तिथल्या फरशीतली कडी उचलली की दगडी पायऱ्या, आणि तळाशी गुहेत धूळ, हाडं, फुटकी भांडी, दोन कवट्या.

फ्रॉइडला त्या दोन कवट्या दिसल्या: कोणाच्या? कोणाचं मरण मनात आहे? युंगला हे पटलं नव्हतं, पण वाद नको म्हणून त्याने बायकोचं आणि मेहुणीचं नाव सांगून वेळ मारून नेली. युंगला स्वतःला दिसलं ते घर: मजल्यामागून मजला जुनं होत जाणारं मन, ज्याचा तळ एकट्याचा नाही. सामूहिक नेणिवेची कल्पना त्याने पुढे याच स्वप्नाशी जोडली.

आता दोन्ही पाहुण्यांना विचारा: हे स्वप्न आज तुमच्याकडे आलं तर पहिला प्रश्न कोणता? आणि युंगने खोटं उत्तर दिलं हे तुम्हाला कशावरून कळलं असतं? दुसऱ्या प्रश्नावर दोन घराणी अनपेक्षितपणे जवळ येतात. श्रोत्यांना चित्र डोळ्यांपुढे आणायला जुना वाडा पुरतो: वर माडी, खाली सोपा, त्याखाली धान्याचं पेव.

गड्डा यात्रेचा ‘खोल अर्थ’ विश्लेषकाला विचारावा का?

विचारा, पण घाईने नको. बाहेरचे पाहुणे संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेला येतात, सात नंदीध्वज पाहतात, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा अक्षता सोहळा पाहतात, आणि ‘हा तर पवित्र विवाहाचा आदिबंध’ (आर्किटाइप, सगळ्या माणसांच्या मनात असलेला मूळ साचा) असं तिथल्या तिथे सांगून मोकळे होतात. चूक असेलच असं नाही. पण हे उत्तर जगातल्या कुठल्याही लग्नकथेला चिकटतं, म्हणून सोलापूरबद्दल काहीच सांगत नाही.

चांगला विश्लेषक आधी तपशील मागतो. पाहुण्यांना हे आधी द्या: सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे वीरशैव संत, त्यांच्याशी लग्न करायचं म्हणून एका कुंभारकन्येने हट्ट धरला आणि त्यांनी योगदंडाशी विवाह लावायला परवानगी दिली, अशी कथा, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, दुसऱ्या दिवशीचं होम मैदान. मग विचारा: देव नाही, मूर्ती नाही, दंड का? आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी होम का? उत्तर अपुरं राहिलं तरी हरकत नाही. तळ्यातल्या देवळाला रोज नमस्कार करणाऱ्या माणसाला आपली श्रद्धा ‘उलगडून’ दाखवल्यासारखं वाटू नये, एवढी काळजी निवेदकाने घ्यावी.

कोणते मराठी शब्द वापरायचे? ‘अनकॉन्शस’साठीच चार आहेत.

आणि चारही थोडे थोडे चुकतात. ‘अचेतन’ म्हटलं की दगड आठवतो. ‘सुप्त मन’ झोपलेलं वाटतं. फ्रॉइडचं म्हणणं नेमकं उलट, ते रात्रंदिवस जागं असतं. शिवाय ‘सुप्त शक्ती जागवा’ छापाच्या शिबिरांनी तो शब्द खराब केला आहे. ‘अबोध’ लहान बाळासारखा निरागस. ‘नेणीव’ सर्वांत बरा, जाणिवेशी जोडी जमते, ओठांवर बसतो. पण वारकरी घरात तो हरिपाठातून आलेला असतो: ‘जाणीव नेणीव भगवंती नाही.’ तिथे नेणीव म्हणजे न जाणणं, अज्ञान. फ्रॉइडची नेणीव म्हणजे नुसतं न जाणणं नव्हे. जाणिवेबाहेर रेटून ठेवलेलं, आणि परत आत यायला धडपडणारं. हा फरक पहिल्याच वेळी एका वाक्यात सांगा, मग बिनधास्त नेणीव म्हणा.

‘ट्रान्सफरन्स’साठी ‘संक्रमण’ पुस्तकांत रूढ आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातून एकतर मकरसंक्रमण ऐकू येतं नाहीतर साथीचा रोग. बोलताना ‘जुन्या नात्यातले रागलोभ विश्लेषकावर उतरणं’ असं फोडून सांगा आणि मग संज्ञा द्या. ‘आर्किटाइप’ला ‘आदिबंध’ मराठी समीक्षेने घडवलेला उत्तम शब्द आहे. ‘शॅडो’ला छाया, ‘पर्सोना’ला मुखवटा, वाद नाही. ‘रिप्रेशन’ला दमन, पण दम देणं, दमदाटी असं काही ऐकू जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. ‘इंडिव्हिज्युएशन’ला, म्हणजे माणूस हळूहळू पूर्णपणे स्वतः होत जाण्याला, सर्वमान्य शब्द नाही. व्यक्तीभवन, स्वत्वसिद्धी वगैरे प्रयोग झाले तरी इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवून समजावणं जास्त प्रामाणिक. युंगच्या ‘सेल्फ’ला मात्र ‘आत्मा’ म्हणू नका, ‘स्व’ म्हणा. त्याने उपनिषदांकडून बरंच घेतलं हे खरं, पण तो मनाविषयी दावा करत होता, मोक्षाविषयी नव्हे.

मुलाखत कोणत्या भाषेत व्हावी?

पाहुण्यांना ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेत, शक्य असेल तर. मराठी पाहुण्यांनी इंग्रजीत सुरुवात केली तर पहिला प्रश्न घरगुती विचारा. वळण आपोआप येतं. इंग्रजी पाहुण्यांसाठी वाक्यावाक्याला अनुवाद करणारा दुभाषी नको, निम्मा वेळ खातो. तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांनी सारांश द्यावा. ‘दोन भाषांत राहणारा पेशंट शिवी कोणत्या भाषेत देतो आणि रडतो कोणत्या?’ हा प्रश्न आपल्या शहरात न विचारता राहू नये.

रेकॉर्डिंगला जागा आणि वेळ कोणती?

पूर्व भागात यंत्रमागांची खटखट भिंतीतून येते, आणि ती मागाहून काढता येत नाही. आतल्या खोलीत जाड सोलापुरी चादरी टांगल्या तर खोलीचा घुमारा कमी होतो. मागाचा खालचा घुर्र आवाज त्यांना अडत नाही. जागा ठरवण्याआधी, ज्या वारी आणि ज्या वेळी मुलाखत आहे, त्याच वारी त्याच वेळी तिथे जाऊन पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐका.

एप्रिल-मे टाळा. पारा चाळिशीपार, पंखा बंद केला तर पाहुणे २० मिनिटांत निथळतात आणि चालू ठेवला तर माइकवर वारा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी नऊ ते अकरा उत्तम. गड्ड्याचे दिवस सोडा. भोंगे, पाळणे, दारूकाम.

दोघांना स्वतंत्र कॉलर माइक, हनुवटीखाली वीतभर. आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. बोलताना पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, हसल्यावरही उणे ६ च्या वर नको. सुरुवातीला कोणी न बोलता ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, सांधे बुजवायला लागतो. दुसऱ्या फोनवर जोडीला रेकॉर्डिंग चालू असू द्या, फोन एअरप्लेन मोडवर. खुर्च्या समोरासमोर न मांडता काटकोनात मांडा. नजर हवी तेव्हा मिळते, नको तेव्हा सोडवता येते. कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचा पाहुणचार मुलाखतीनंतर. आधी दिला तर पहिल्या अर्ध्या तासात ठसके ऐकू येतात.

पेशंटच्या गोष्टी आल्या तर?

इथे ढिलाई नको. नाव बदललं म्हणजे झालं, हा गैरसमज. ‘पूर्व भागातले एक कारखानदार, दोन मुली, थोरली अमेरिकेत’ एवढ्यावर सोलापुरात चार घरं ओळखली जातात. आमचा नियम: गाव, व्यवसाय, कुटुंबाची रचना, आजार आणि काळ या पाचांतल्या दोनाहून जास्त खऱ्या गोष्टी एकत्र येता कामा नयेत. मुलाखत सुरू होण्याआधी विचारा: ही केस लेखी संमतीची आहे, की अनेक पेशंट मिसळून केलेली? मिसळलेली असेल तर तसं ध्वनिफितीत सांगा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, आणि कलम २४ नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कायद्यापलीकडचा धडा ‘डोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशंटचा. फ्रॉइडने तिच्यावर १९०० च्या अखेरीस जेमतेम ११ आठवडे उपचार केले, नाव बदललं, प्रसिद्धी १९०५ पर्यंत लांबवली. आज तिचं खरं नाव, तिच्या भावाचं राजकारण, सगळं अभ्यासकांना पाठ आहे.

बोलण्याच्या भरात पाहुणे घसरले तर तिथेच थांबवू नका. वेळ टिपून ठेवा, संपल्यावर दाखवा, आणि तो भाग मूळ फाइलमधूनही काढा.

हे सगळं शास्त्र आहे का? श्रोत्यांत कोणीतरी विचारतंच.

विचारू द्या. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप प्रसिद्ध आहे: जो सिद्धान्त कुठल्याही घटनेने खोटा पडू शकत नाही, तो विज्ञान नव्हे. पेशंट ‘हो’ म्हणाला तर विश्लेषक बरोबर, ‘नाही’ म्हणाला तर तो प्रतिरोध, म्हणजे चित भी मेरी पट भी मेरी, या आरोपाला फ्रॉइडने १९३७ च्या एका निबंधात स्वतःच हात घातला. त्याचं म्हणणं, नुसतं ‘हो’ही पुरावा नाही, त्यानंतर नव्या आठवणी, नवी सामग्री येते का ते पाहावं लागतं. उपचार म्हणून परिणाम होतो का, हा वेगळा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांनी २०१० मध्ये संशोधनांचा आढावा घेऊन सायकोडायनॅमिक, म्हणजे याच परंपरेतून निघालेले, उपचार परिणामकारक असल्याचं मांडलं. त्यावर वादही झाले. पण उपचार लागू पडतो म्हणून त्यामागची प्रत्येक कल्पना खरी ठरत नाही. निवेदकाने दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले तर अर्धी धुळवड टळते. पाहुण्यांना विचारायचं ते असं: ‘तुमचा अर्थ चुकला हे तुम्हाला शेवटचं केव्हा आणि कशावरून कळलं?’

युंग भारतात आला होता ना? कुंडलिनीवर त्याचा विश्वास होता का?

१९३७-३८ च्या हिवाळ्यात, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने आला. कोलकात्यात हगवणीने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. दक्षिणेत गेला, पण रमण महर्षींना भेटला नाही, आणि न भेटण्याचं समर्थन नंतर लिहून केलं. कुंडलिनीवर त्याने १९३२ मध्ये झुरिकला व्याख्यानं दिली होती. चक्रांकडे तो मनाच्या अवस्थांची चित्रं म्हणून पाहत होता. युरोपीय माणसाने योगाची नक्कल करू नये, असंही त्याने बजावलं. ‘युंगनेही मान्य केलं’ हे वाक्य शिबिरांच्या पत्रकावर दिसलं की एवढं आठवा.

तयारीसाठी जुन्या मुलाखती ऐकाव्यात का?

जरूर. फ्रॉइडचा आवाज बीबीसीच्या एका छोट्या ध्वनिमुद्रणातच उरला आहे, डिसेंबर १९३८, लंडन. जबड्याच्या कर्करोगाने बोलणं अवघड झालेलं ऐकू येतं. युंगच्या मुलाखतींतल्या दोन ऐका: रिचर्ड इव्हान्स यांनी १९५७ मध्ये घेतलेली लांबलचक, शिकवणीच्या वळणाची, आणि बीबीसीसाठी जॉन फ्रीमन यांनी १९५९ मध्ये घेतलेली. दुसरी मुलाखतकाराने अभ्यासावी अशी. फ्रीमन साधं विचारतात, देवावर विश्वास आहे का? युंग थबकतो आणि म्हणतो, विश्वास ठेवायची गरज नाही, मला माहीत आहे. त्या उत्तरावर इतकी पत्रं आली की त्याला पुढे खुलासा करावा लागला. ती थबकण्याची जागा दोनदा ऐका. फ्रीमन तिथे तोंड उघडत नाहीत.

मानधन आणि प्रवास?

पहिल्याच फोनवर आकडा बोला. विश्लेषकाचा वेळ पन्नास मिनिटांच्या तुकड्यांत विकला जातो आणि सोलापूरला येणं म्हणजे दीड दिवसाच्या भेटी रद्द करणं. मुंबईहून वंदे भारतने आले तर रात्री पोहोचतात, म्हणून कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी. पेशंटना सुट्टी आधी सांगावी लागते, तेव्हा तारीख किमान दीड-दोन महिने आधी पक्की करा आणि मग हलवू नका.

लेखी रूप कसं करायचं? पाहुण्यांना किती बदलू द्यायचं?

तासाभराचे साधारण सहा-सात हजार शब्द होतात, उतरवायला एका माणसाचे पाच-सहा तास जातात. ‘म्हणजे’, ‘असं आहे ना’ यांतले निम्मे काढा, पण अडखळून बदललेलं वाक्य तसंच ठेवा. ‘माझी आई, म्हणजे पेशंटची आई’ असं विश्लेषकाच्या तोंडून निसटलं तर छापायचं की नाही, हे त्यांना विचारून ठरवा. फ्रॉइडने अशाच चुकांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. मसुदा वाचायला १५ दिवस द्या. पेशंटविषयीचं काहीही ते काढू शकतात, तारखा-नावं दुरुस्त करू शकतात. पण दिलेलं मत उलट करून लिहिलं तर जुनं आणि नवं दोन्ही छापण्याची मुभा आधीच लेखी घेऊन ठेवा.

आणि मूळ फाइल?

काटछाट न केलेली प्रत एकाच ड्राइव्हवर, पासवर्ड घालून, एका माणसाकडे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ऐकून बघा’ म्हणून अजिबात टाकू नका. लेखी रूप दोन्ही बाजूंनी मंजूर झालं की महिनाभराने पुसा आणि पुसल्याचं पाहुण्यांना कळवा.